खानेसुमारी आणि दाराआडची माणसे

'जनगणना' हा शब्द सरकारी कागदांनी रूढ केला. आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी असायची ती 'खानेसुमारी'. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला की तो मूळचा कोणाचा, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

देशातली पहिली गणना १८७२ च्या सुमाराची, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळी झालेली पहिली गणना १८८१ ची. सरकार माणसे मोजते ते नवा कर बसवायला, ही धास्तीही तेवढीच जुनी. १९३१ साली तर सविनय कायदेभंगाच्या दिवसांत गणनेवर बहिष्काराची हाक दिली गेली होती. तेव्हा प्रगणकाला पाहून दार लोटून घेणे ही काही एकट्या मुस्लिम मोहल्ल्याची खोड नव्हे.

२०२० च्या सुरुवातीला मात्र आपल्या वस्त्यांतली भीती वेगळी होती. घरयादीबरोबरच लोकसंख्या नोंदवहीचेही काम व्हायचे होते आणि नागरिकत्वाचा वाद पेटलेला होता. ती भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण दोन कायद्यांतला फरक तरुणांनी घरात समजावून सांगायला हवा. नोंदवही येते नागरिकत्वाच्या कायद्याखाली. जनगणना होते १९४८ च्या जनगणना कायद्याने. या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे घराघरांतून भरलेली माहिती कुणालाही पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. याच कायद्यात आणखी एक गमतीची तरतूद आहे. घरातल्या स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि नवऱ्याचे नाव उच्चारण्याची सक्ती स्त्रीवर नाही! रिवाजाचा एवढा मान कायद्याने राखला. आजच्या मुलींनी आपले नाव स्वतः, स्पष्ट सांगावे.

न मोजले गेल्याने काय होते, हे २००४ साली आपण भोगले आहे. त्या सप्टेंबरात २००१ चे धर्मनिहाय आकडे आले आणि मुसलमानांची दशकातली वाढ ३६ टक्के, अशी बातमी झाली. केवढा गदारोळ उठला! खरी गोष्ट अशी की १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये गणना झालीच नव्हती. तिथली माणसे २००१ च्या बेरजेत आली, १९९१ च्या बेरजेत नव्हती. जम्मू-काश्मीर आणि आसाम वगळून हिशेब केला तेव्हा वाढ निघाली २९.३ टक्के, आधीच्या दशकापेक्षा कमी. खुलासा झाला; पण बातमी जेवढी पोचली तेवढा तो पोचला नाही. मोजणीतून सुटलेली माणसे नाहीशी होत नाहीत. पुढच्या मोजणीत ती 'अचानक वाढलेली' दिसतात.

त्याच २००१ च्या गणनेत धर्मानुसार साक्षरतेचे आणि कामाचे आकडे पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. देशाची साक्षरता ६४.८ टक्के, मुसलमानांची ५९.१. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल अशाच आकड्यांवर उभा राहिला. आपण आपल्या मागासलेपणाबद्दल कितीही पोटतिडकीने लिहिले असते, तरी ती तक्रारच ठरली असती.

आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून पुढची गणना ठरली आहे. १६ जून २०२५ ला तिची अधिसूचना निघाली. मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याची सोय तीत ठेवली आहे, म्हणजे घरोघरी हे काम कॉलेजातल्या मुलामुलींकडेच येणार. जातही नोंदवायची आहे. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे गणनेतून प्रसिद्धच झाले नाहीत. बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार या घरांत त्याची चर्चा आधीच व्हावी.

आणि मातृभाषा. २०११ साली आमच्या घरी आलेल्या प्रगणकाने नावे ऐकली आणि न विचारता 'उर्दू' लिहून टाकले. आमची अम्मी आयुष्यभर आमच्यावर रागावली ती मराठीत. मी मात्र चहा पुढे करत गप्प राहिलो. उर्दूला जागा नव्हती असेही नाही. येत असलेल्या आणखी दोन भाषांचा रकाना होताच. गणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. एकाच घरात सासूची एक आणि सुनेची दुसरी असू शकते. म्हणून फॉर्म भरायला बसणाऱ्या नातीने आधी दादीला विचारावे, "तुझी आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलायची?"