मागचे शॉकअप निकामी झाले तर...
चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर पर्यायी भागांची निवड कशी करावी?

गडचिरोलीहून भामरागडला जायचे तर चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि त्यापुढे घनदाट अरण्य असा सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगलाचा आहे. रेल्वे येथे दीर्घकाळ देसाईगंजपुरतीच राहिली; एसटी येते, पण ठरावीक वेळी आणि ठरावीक गावांना. साहजिकच शिक्षक, आरोग्यसेवक, वनरक्षक, तेंदूपानांच्या फळीवर जाणारा मुन्शी आणि आठवडी बाजाराला निघालेला शेतकरी या सर्वांची भिस्त दुचाकीवर असते.

या दुचाकीच्या ज्या भागावर रस्त्याचा सर्वाधिक मार बसतो, तो म्हणजे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, अर्थात गॅरेजच्या भाषेतील ‘शॉकअप’. ते निकामी झाले, की जवळच्या दुकानात जे मिळेल ते बसवून घेण्याकडे कल असतो. बोल्ट बसला म्हणजे भाग बसला, अशी ही समजूत आहे. ती चुकीची असून, अशा निवडीचा परिणाम केवळ पाठीवर नव्हे, तर ब्रेकवर आणि वळणावरील पकडीवरही होतो.

शॉकअपचे काम

शॉकअपचे दोन भाग असतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का झेलते. आतल्या नळकांड्यात तेल असते व त्यातून एक दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल जाताना जो अडथळा निर्माण होतो, त्यामुळे दाबलेली स्प्रिंग एकदम उसळत नाही. धक्क्यातील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊन ती हवेत विरते. तेल संपले, की उरते ती केवळ स्प्रिंग. अशी गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा हिंदकळते आणि त्या प्रत्येक उसळीत मागच्या चाकाचा रस्त्यावरील दाब क्षणभर कमी होतो. नेमक्या त्याच क्षणी ब्रेक लावावा लागला, तर चाक घसरते. समोर अचानक रानडुक्कर किंवा गुरे येण्याचा संभव असलेल्या जंगलरस्त्यावर हा धोका किरकोळ म्हणता येत नाही.

मुरमाच्या रस्त्यांवर पत्र्यासारख्या आडव्या लहरी तयार होतात. अशा रस्त्यावर दट्ट्या अखंड चालत राहतो, तेल तापते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि अडथळा घटतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ही प्रक्रिया अधिक लवकर घडते. तेलात फेस होऊ नये म्हणूनच काही शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू दाबाने भरलेला असतो.

बिघाड कसा ओळखावा?

गाडी सरळ उभी धरून मागची सीट दोन्ही हातांनी जोराने दाबावी आणि सोडावी. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली, तर शॉकअप ठीक आहे. दोन-तीन वेळा झुलत राहिली, तर आतले तेल गेले किंवा झडपा झिजल्या, असे समजावे. दट्ट्याच्या दांड्यावर धूळ चिकटलेले ओलसर तेल दिसणे हे ऑइल सील फाटल्याचे लक्षण होय. दांड्यावर गंजाचे ठिपके पडले असतील, तर नवे सीलही फार काळ टिकत नाही. एकटा स्वार बसल्यावरही गाडी मागून खूप खाली बसत असेल, तर स्प्रिंग थकलेली असते.

यासाठी एक साधे मोजमाप उपयोगी पडते. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागचे चाक अधांतरी ठेवून चाकाच्या आसापासून सीटखालील एका खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. नंतर गाडी स्टँडवरून काढून, नेहमीचा स्वार बसवून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. तो बराच अधिक असेल, तर खड्ड्यासाठी हालचालच शिल्लक राहत नाही.

तथापि, नवे शॉकअप घेण्यापूर्वी इतर कारणे तपासणे आवश्यक आहे. मागचे चाक ज्या चिमट्यात बसते, त्याचे बुश झिजले, चाकाचे बेअरिंग सैल झाले, आरे ढिले पडले किंवा टायरमध्ये हवा कमी-अधिक असली, तरी गाडी मागून डुलते. चाक अधांतरी ठेवून चिमटा आडवा हलवून पाहावा. तेथे खेळ आढळला, तर दोष शॉकअपचा नसण्याची शक्यता मोठी असते.

ओरिजिनल, पर्यायी आणि बनावट

बहुतेक दुचाकी कंपन्या शॉकअप बाहेरच्या पुरवठादारांकडून घेतात आणि या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला उभा राहिला; पुढे चाकण आणि नाशिक येथेही तिचे उत्पादन सुरू झाले. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. हिरोच्या गाड्यांसाठी शॉकअप पुरवणारी मुंजाल शोवा गुरुग्रामची. गाडीच्या कंपनीचे खोके न मिळाल्यास अशा पुरवठादाराने स्वतःच्या नावाने बाजारात आणलेला, नेमक्या त्याच मॉडेलसाठीचा भाग हा पहिला पर्याय ठरतो.

त्याखालोखाल येतात ते सर्वसाधारण ब्रँड आणि शेवटी बनावट माल. खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेले नसेल, तर तो भाग घेऊ नये. पक्के बिल मागावे. बाजूला जोडलेली चकचकीत डबी दिसली म्हणजे आत वायू आहेच असे नव्हे. काही स्वस्त शॉकअपमध्ये ती केवळ शोभेची असते.

चार मापे

पर्यायी भाग निवडताना जुने शॉकअप सोबत न्यावे आणि चार गोष्टी जुळवून पाहाव्यात.

पहिली, लांबी. वरच्या बोल्टच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर. लांब शॉकअप बसवल्यास गाडी मागून उचलली जाते, पुढचा भार वाढतो, हँडल अस्थिर वाटू लागते, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि चेन चिमट्याला घासू शकते. आखूड बसवल्यास मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला लागतो.

दुसरी, छिद्रांचा व्यास आणि बुशची रुंदी. व्यास मोठा असल्यास पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवले जाते; ती पट्टी काही दिवसांत झिजते आणि बोल्टवर आघात सुरू होतो. वॉशरची चळत लावून रुंदी भरून काढणेही तितकेच अयोग्य आहे.

तिसरी, जागा. स्प्रिंगचा बाहेरचा घेर एका बाजूला चेन कव्हरला आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सरला लागता कामा नये. डबीचे शॉकअप असेल, तर ती डबी बाजूच्या पॅनेलला अडते का, हेही पाहावे.

चौथी आणि सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. वेढ्यांची संख्या आणि घेर तोच ठेवून सात मिलिमीटरऐवजी आठ मिलिमीटर तारेची स्प्रिंग घेतली, तर ती सुमारे ७० टक्के अधिक ताठर होते. धानाची पोती वाहणाऱ्यांना ही ‘जाड स्प्रिंग’ आकर्षक वाटते. परंतु आतील तेलाची यंत्रणा मूळ स्प्रिंगसाठीच जुळवलेली असते. ताठर स्प्रिंगची उसळी तिला आवरत नाही आणि रिकामी गाडी दगडासारखी उडू लागते. हे धक्के शेवटी गाडीच्या सांगाड्याला आणि उपकेंद्राकडे मागे बसवून नेल्या जाणाऱ्या रुग्णाला सोसावे लागतात.

ओझे अधूनमधूनच न्यायचे असेल, तर शॉकअपच्या खालच्या बाजूच्या खाचा वापराव्यात. अनेक गाड्यांत अशा पाच खाचा असतात. त्या फिरवल्याने स्प्रिंगचा ताठरपणा वाढत नाही, मात्र गाडीची उंची सावरली जाते. दोन्ही बाजूंना एकच खाच ठेवावी आणि ओझे उतरल्यावर पूर्ववत करावी.

एकच शॉकअप असलेल्या, म्हणजे मोनोशॉकच्या गाड्यांना हे सर्व नियम अधिक काटेकोरपणे लागू होतात. तेथे सारा भार एकाच भागावर येतो आणि लांबीतील थोडा फरकही चाकाशी मोठा होतो. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचा भाग ‘बसवून पाहण्याचा’ प्रयोग करू नये. मूळ मापांचा भाग बदलणे ही साधी दुरुस्ती आहे; मात्र मूळ नोंदीशी विसंगत असे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती की नवे?

गावातील कुशल मिस्त्री शॉकअप उघडून सील आणि तेल बदलून देतात. दांडा गुळगुळीत असेल आणि योग्य घनतेचे शॉकअप ऑइल वापरले असेल, तर ही दुरुस्ती काही काळ निभावते. त्याऐवजी इंजिन ऑइल भरल्यास थंडीत शॉकअप आखडते आणि उन्हाळ्यात सैल पडते. वायू भरलेले शॉकअप मात्र कधीही कापू, वेल्डिंग करू किंवा तापवू नये. आत दाब असल्याने स्फोटासारखा अपघात होऊ शकतो.

भाग मिळवण्यासाठी चंद्रपूरची बाजारपेठ बहुतेकांना सोयीची असली, तरी तेथेही बराच माल सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरातून येतो. सिरोंचाकरांना नदीवरील पुलांमुळे तेलंगणातील मंचेरियाल गाठता येते. मागणी नोंदवताना केवळ गाडीचे नाव सांगून चालत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात. नोंदणी पुस्तकातील मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि चेसिस क्रमांक कळवावा. सोबत टेप लावलेल्या जुन्या शॉकअपचे छायाचित्र पाठवावे. त्यामुळे पुन्हा शहरात खेप घालण्याचे टळते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, हे लक्षात घेता संशयास्पद शॉकअप मृगापूर्वीच बदललेले बरे.

बसवताना आणि नंतर

शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत. एक नवे आणि एक थकलेले असे ठेवल्यास चिमट्यावर पिळाचा ताण येतो. डबल स्टँडवर एका वेळी एकच बाजू सोडावी, म्हणजे चिमटा खाली घसरत नाही. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. सुरुवातीचे काही दिवस वेग मर्यादित ठेवावा, कारण गाडीचे वागणे बदललेले असते.

चिखलातून किंवा पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यावर दांड्यावरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा. वाळलेली माती प्रत्येक हालचालीगणिक सील घासते. धुण्यासाठी डिझेल मारण्याची पद्धत टाळावी, कारण त्याने रबरी बुश फुगतात. लोहखनिजाच्या जड वाहतुकीने आष्टी-आलापल्ली मार्गाची झालेली दुरवस्था गेल्या काही वर्षांत वारंवार चर्चेत राहिली आहे. रस्ता सुधारणे दुचाकीस्वाराच्या हाती नाही. टेप घेऊन पाच मिनिटे मोजमाप करणे आणि चुकीचा भाग परत करणे मात्र त्याच्याच हाती आहे.