बँक की स्वतंत्र एस्क्रो? आधी प्रश्न नीट मांडूया

समजा, तुम्ही अनोळखी माणसाकडून जुना कॅमेरा विकत घेताय. आधी पैसे दिले तर कॅमेरा येईल का, ही तुमची धास्ती. आधी कॅमेरा पाठवला तर पैसे मिळतील का, ही त्याची. मग दोघं मिळून रक्कम तिसऱ्याकडे ठेवता आणि वस्तू पोचली की तो ती सोडतो. याला एस्क्रो म्हणतात. आता हा तिसरा कोण असावा: बँक, की एवढंच काम करणारी स्वतंत्र कंपनी?

सिनॉप्सिस लिहायला बसलात तर पहिला मोह होईल तो दोन रकाने पाडून फायदे-तोटे मांडायचा. तो आवरा. इतिहासाच्या अंगाने गेलात तर लगेच दिसतं की या तिसऱ्याकडे आपण एक नाही, दोन कामं सोपवतोय. एक, पैसे सांभाळणं. दुसरं, ठरलेली अट पुरी झाली का हे ठरवणं.

एस्क्रो हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ चर्मपत्राचा तुकडा. इंग्लिश कायद्यात एस्क्रो म्हणजे पैसे नव्हतेच. सही-शिक्का झालेलं खत, अट पुरी होईपर्यंत तिसऱ्याच्या हाती दिलेलं, ते एस्क्रो. कागद सांभाळणाऱ्याला कागदावर व्याज मिळत नाही, म्हणून दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली तरी फारसं बिघडत नसे. कागदाच्या जागी रक्कम आली आणि गणित बदललं.

बँका दुसरं काम कसं करतात, हे पाहायचं तर लेटर ऑफ क्रेडिट घ्या. आंतरराष्ट्रीय व्यापारातली जुनी, मुरलेली पद्धत. पण तिथे बँक माल तपासत नाही, कागद तपासते. बिल ऑफ लेडिंग, विमा, बीजक अटींप्रमाणे असेल तर पैसे सुटतात, पेटीत काय आहे ते पेटीलाच ठाऊक. जहाजभर मालासाठी हे ठीक. एका जुन्या कॅमेऱ्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

कॅमेऱ्याचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. चीनमध्ये अलीबाबाने मे 2003 मध्ये ताओबाओ हे विक्रीचं संकेतस्थळ सुरू केलं. लोक वस्तू बघायचे, पण पैसे पाठवायला कचरायचे. क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे. ऑक्टोबर 2003 मध्ये ताओबाओनेच मध्यस्थी सुरू केली आणि तिला नाव दिलं अलीपे. सांगितला जाणारा पहिला व्यवहार एका वापरलेल्या कॅमेऱ्याचा, 750 युआनचा. विकणारा जपानमध्ये शिकणारा विद्यार्थी, घेणारा शीआनचा. 2005 मध्ये तर अलीपेने फसवणूक झाल्यास पूर्ण भरपाईची हमी दिली. बँकेला हे जमलं नसतं असं नाही. एवढ्या छोट्या व्यवहारात पार्सल पोचलं का हे विचारत बसण्यात तिचा फायदा नव्हता. ताओबाओचा होता.

इथे जरा थांबा. ज्याचा बाजार, त्याचीच मध्यस्थी. मग याला 'स्वतंत्र' म्हणायचं का? साधनांमध्ये हा शब्द दिसला की कोणापासून स्वतंत्र, हे समासात लिहून ठेवायची सवय लावा. 2011 मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. अलीपेची मालकी अलीबाबा समूहातून काढून जॅक मा यांच्या नियंत्रणाखालच्या कंपनीकडे गेल्याचं मे महिन्यात जाहीर झालं. याहू आणि सॉफ्टबँक हे मोठे भागधारक. याहूने जाहीरपणे तक्रार केली. परवान्यासाठी देशी मालकी हवी, असं अलीबाबाचं म्हणणं. जुलैमध्ये तडजोड झाली. कोट्यवधी लोकांचे पैसे ज्याच्या हातात, तो तिसरा कोणाचा आहे, यावर त्याचे भागधारकच भांडत होते!

पण खरा पेच मालकीपेक्षा पडून राहणाऱ्या रकमेचा. खरेदी आणि पोच यांमधले काही दिवस पैसा मध्यस्थाच्या नावावर बँकेत असतो. एकट्याचे 750 युआन किरकोळ, कोट्यवधींचे मिळून प्रचंड. व्याज मध्यस्थाला. 2010 च्या नियमांत चीनच्या मध्यवर्ती बँकेने सांगितलं की ही रक्कम कंपनीची मालमत्ता नाही, ग्राहकांची आहे. तरी काही पेमेंट कंपन्यांनी तिच्यावर हात मारलाच. शेवटी 2017 पासून टप्प्याटप्प्याने ती रक्कम मध्यवर्ती बँकेकडे वळवायला लावली आणि जानेवारी 2019 पर्यंत सगळी तिथे गेली. अट पाळली का हे अजूनही अलीपे बघतं, पैसे मात्र दुसरीकडे. सोळा वर्षांत दोन कामं वेगळी झाली ती अशी.

आपल्याकडे ही फाळणी नियमातच दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक नसलेल्या पेमेंट ॲग्रिगेटरला ग्राहकांचे पैसे शेड्युल्ड कमर्शियल बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, आणि ई-कॉमर्स बाजार चालवणाऱ्याला हा धंदा त्यापासून वेगळा ठेवावा लागतो. म्हणजे आपल्या नियमात 'बँक की स्वतंत्र' हा पर्याय उरतच नाही.

तुम्हाला मराठी मुलखातला विषय हवा असेल तर रेरा घ्या. 2016 च्या कायद्याप्रमाणे फ्लॅटधारकांकडून आलेल्या रकमेचे 70 टक्के बिल्डरने बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवायचे; बांधकाम झालं त्या प्रमाणातच ते काढता येतात, तेही आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांवर. पैसे सांभाळते बँक. किती मजले झाले हे ठरवतात हे तिघं, आणि तिघांची फी देतो बिल्डर. घर वेळेवर न मिळालेल्या माणसाचा राग बहुतेकदा बँकेवर किंवा बिल्डरवर निघतो. दाखले देणाऱ्यांकडे कोणी फारसं बघत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पांची माहिती खुली आहे. एक तालुका निवडा, आठ-दहा रखडलेले प्रकल्प घ्या आणि त्यांच्या नोंदींत दाखला कोणी, कधी दिला हे सापडतं का ते बघा.