दोन मिनिटांचे उड्डाण: वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्क्नी द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांवरील धावपट्ट्यांमध्ये अंतर आहे जेमतेम २.७ किलोमीटर. एडिनबर्ग विमानतळाची मुख्य धावपट्टीही साधारण एवढीच लांब! वेळापत्रकात या प्रवासाला २ मिनिटे दिलेली असतात. जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे.

थोडे गणित करून पाहू. २.७ किलोमीटर २ मिनिटांत, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. एवढ्या वेगाने हमरस्त्यावर मोटारही धावते. येथे उडणारे आयलंडर विमान मात्र ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने जाऊ शकते. त्या हिशेबाने ४० सेकंद पुरेत. प्रत्यक्षातला विक्रम ५३ सेकंदांचा आहे, वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांच्या नावावर. अंतराला वेगाने भागून उड्डाणाची वेळ सांगणारी कोष्टके येथे फसतात, कारण वर चढणे, वाऱ्याच्या दिशेनुसार वळणे आणि लगेच उतरणे यातच सगळा वेळ जातो. मधला सरळ प्रवास जवळपास उरतच नाही.

मग एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? नुसते ही दोन बेटे पाहिली तर उत्तर सापडत नाही. विमान मुळात निघते ते ऑर्क्नीचे मुख्य गाव असलेल्या कर्कवॉलहून. इस्पितळ तेथे, मोठी बाजारपेठ तेथे. एकाच फेरीत दोन्ही बेटे घ्यायची आणि परतायचे, अशी ही व्यवस्था आहे. विक्रमी टप्पा हा त्या फेरीचा केवळ एक तुकडा.

या व्यवस्थेची मुळे १९३० च्या दशकात आहेत. कॅप्टन फ्रेसन यांच्या हायलँड एअरवेजने १९३३ मध्ये इनव्हरनेस ते कर्कवॉल सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी त्या मार्गावर नियमित हवाई टपालही सुरू झाले. उत्तरेकडील लहान बेटांपर्यंतही फ्रेसन यांची विमाने पोहोचली. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि बेटांमधली ही वाहतूक थांबली.

ती पुन्हा उभी राहिली १९६७ मध्ये, लोगनएअरमुळे. ही कंपनी १९६२ साली लोगन या बांधकाम कंपनीची हवाई टॅक्सी म्हणून जन्मली होती. पूल बांधणाऱ्यांच्या विमानांनी पूल नसलेली बेटे जोडावीत, हा योगायोग मला फार आवडतो. आयलंडर विमान त्याच सुमारास बाजारात आले होते. आखूड, ओबडधोबड धावपट्टीवरूनही ते उडू शकते. बेटांवर मोठे विमानतळ बांधण्याची गरजच पडली नाही.

२०११ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या ९० होती. एवढ्या उतारूंच्या तिकिटांवर विमान चालत नाही. ऑर्क्नीची स्थानिक परिषद सार्वजनिक पैशातून या सेवेचा भार उचलते. हौशी पर्यटक विक्रमी उड्डाणाचे प्रमाणपत्र घेऊन जातात. पण शेजारच्या आसनांवर बहुधा शिक्षक, रुग्ण किंवा पुरातत्त्वज्ञ बसलेले असतात. पुरातत्त्वज्ञांना येथे ओढून आणते ते नॅप ऑफ हाउअर: पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी घरे, आजही भिंतींसह उभी.