ड्राइव्हमधला दुसरा संगणक

कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची १५४१ डिस्क ड्राइव्ह १९८२ साली आली. फ्लॉपीच्या एका बाजूवर १७० केबी मावत, पण वेग सेकंदाला जेमतेम ४०० बाइट. मोठा गेम सुरू होईपर्यंत चहा करून घ्यावा! दोष फ्लॉपीचा नव्हता. आधीच्या व्हिक-२० मधल्या ६५२२ चिपमध्ये खोट निघाली, म्हणून एकेक बिट सॉफ्टवेअरने पाठवावा लागला. तीच संथ चाल पुढे राहिली.

गंमत म्हणजे ड्राइव्हला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी मेमरी होती. जाणकारांनी त्या मेमरीत आपला कोड उतरवला आणि दोन्ही यंत्रांची आपसातली बोलीच बदलली. (भाषा शिकवणाऱ्याला हे फार आवडतं.) जिफीडॉससाठी तर ड्राइव्ह उघडून रॉम चिप बदलावी लागे. सोबत एक स्विच बसवत; एखादा गेम अडला, की मूळ रॉमवर परत.