लिस्बनच्या वहीतला जन्म

पोर्तुगीज काळातली जन्मनोंद वाचायला घेतली की आधी आकडे शोधू नयेत. ते फारसे सापडत नाहीत. दिवस, महिना, साल, जन्माची वेळ, सगळे अक्षरांत लिहिलेले असते. मग बापाचे नाव, त्याचा धंदा, त्याचे गाव, आईचे नाव, बापाकडचे आजी-आजोबा, आईकडचे आजी-आजोबा. खाली साक्षीदारांच्या सह्या. आमच्या डिचोली-पेडण्याकडच्या वह्यांत त्यातल्या काही सह्या देवनागरीत, क्वचित मोडीतही दिसतात. समासात पुढच्या काळात कुणीतरी वेगळ्या शाईने भर घातलेली असते: अमुक साली लग्न झाले, अमुक साली वारला. एका पानावर तीन पिढ्या, आणि त्यांतल्या एकाचे जन्मापासून मरणापर्यंतचे आयुष्य.

ही पाने वाचून त्यांचे भाषांतर करून देणे, हे पणजीत माझे अर्ध्या आयुष्याचे काम. पोर्तुगीज मी शाळेत शिकले, घरात मराठी वाचले, बोलले कोकणीत. माझ्या टेबलासमोर बसणारी माणसे मात्र इतिहास विचारायला येत नसत. त्यांना परदेशात राहायचे असे, नोकरी करायची असे, आणि त्यासाठी त्यांना आजोबा हवा असे. "बाय, आज्याचें नांव मेळ्ळें?" हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कुठलाच नाही.

पूर्वजांच्या आधारे परदेशात जाण्याच्या वाटा इतरही देशांनी ठेवल्या आहेत. ब्रिटनची वाट त्यांत प्रसिद्ध आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकाचा आजा किंवा आजी ब्रिटनमध्ये जन्मलेली असेल, तर त्याला तिथे पाच वर्षे राहून काम करण्याचा व्हिसा मिळतो. त्यामागे उघड हिशेब आहे: आजोबा ब्रिटन सोडून ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला, दक्षिण आफ्रिकेला गेला, नातू परत येतो आहे. गोव्याचा आजोबा कुठेच गेला नव्हता. साखळीत जन्मला, साखळीतच वारला. लिस्बनचे राज्य त्याच्या दारात आले, तिसवाडी-बार्देश-साष्टीत सोळाव्या शतकात आणि फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याच्या जन्मावरून पोर्तुगीज नागरिकत्व मागणाऱ्या नातवाला पोर्तुगीज रक्ताचा थेंबही दाखवावा लागत नाही. दाखवायचे असते ते वहीतले एक पान.

ही वहीसुद्धा सगळ्यांसाठी एकाच वेळी उघडली नाही. ख्रिस्ती माणसाचा बाप्तिस्मा चर्चच्या पुस्तकात शतकानुशतके लिहिला जात होता. हिंदू माणसाचा जन्म कुंडलीत असे, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत. 1910 मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, आणि कायद्यापुढे हिंदू बरोबरीचा नागरिक ठरला. त्यानंतरच्या नागरी नोंदणीत भटजीचा मुलगा, पाद्रीच्या शेजारच्या घरातली मुलगी आणि कुळागरात राबणाऱ्याचे पोर एकाच साच्यात लिहिले जाऊ लागले. नोंद सक्तीची होती. तरी सत्तरीच्या डोंगराळ वाड्यांतून नोंदणीच्या जागी जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. ज्यांची मजुरी बुडली ते आज वहीत आहेत. बाकीच्यांना शोधताना मी कितीतरी वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटल्या आणि हात हलवत उठले.

पोर्तुगीज नागरिकत्वाचा हा हक्क 1961 नंतर टिकला कसा, हे गोव्यातही फार थोड्यांना नीट ठाऊक आहे. 1951 मध्ये पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या सरकारने घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच तुकडा आहे, असे जगाला सांगण्याची ती तजवीज होती. 19 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. 28 मार्च 1962 च्या आदेशाने भारताने गोवा, दमण आणि दीवच्या लोकांना नागरिक मानले. स्वतः, आईबापांपैकी कुणी किंवा आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मले असले तरी पुरे होते. ज्याला जुने नागरिकत्व ठेवायचे होते त्याला तसे लिहून द्यायला एक महिना होता. आजोबा-आजीपर्यंत मागे जाणारी ही मोजणी भारतानेही केली, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे.

लिस्बनने मात्र मुक्तीचा तो दिवस मानलाच नाही. तिथल्या कायद्याच्या लेखी गोवा पोर्तुगीजच राहिला आणि गोव्यात जन्मलेले पोर्तुगीज नागरिक राहिले. एप्रिल 1974 मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली तेव्हा कुठे मार्ग निघाला. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत दोन परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या: पोर्तुगालतर्फे मारियो सोआरिश आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या सहीने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. जमिनीचा प्रश्न संपला. माणसांचा उरला.

1975 मध्ये पोर्तुगालने नवा हुकूम काढला. अंगोला, मोझांबिक स्वतंत्र होत होते आणि तिथल्या बहुतेक आफ्रिकी लोकांचे नागरिकत्व या हुकुमाने गेले. भारतातल्या जुन्या प्रदेशात जन्मलेल्यांना मात्र ते राखायची इच्छा जाहीर करण्याची मुभा राहिली. एकाच साम्राज्याची रयत आणि न्याय दोन. आमच्या लोकांना मिळाले त्याचा मला आनंद आहे, पण मोझांबिकमधल्या लॉरेन्सु मार्किशच्या गोदीत आमच्याच माणसांच्या शेजारी राबलेल्यांना ते नाकारले गेले, हे विसरून हा इतिहास सांगणे मला पटत नाही. पुढे 1981 च्या कायद्याने, परदेशात जन्मलेल्या पोर्तुगिजाच्या मुलाचा जन्म पोर्तुगीज वहीत नोंदला की तोही पोर्तुगीज, असे ठरले. गोव्याची वाट ती हीच. बापाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवायचा, मग त्याचे लग्न, मग आपला जन्म. लोक याला पासपोर्टचा अर्ज म्हणतात. खरे तर तो आपण आधीपासूनच नागरिक आहोत हे वहीत लिहवून घेण्याचा अर्ज असतो.

तरी बरीच वर्षे कुणाला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. पोर्तुगाल स्वतःच गरीब, तिथलीच माणसे कामाला फ्रान्सला जात. गोव्याचा माणूस मुंबईला जाई, बोटीवर जाई, पुढे आखातात जाऊ लागला. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि 1993 पासून युरोपीय संघाचे नागरिकत्व आले, तेव्हा आजोबाच्या पानाची किंमत एकदम वाढली. त्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय ब्रिटनमध्ये काम करता येत होते. साष्टी आणि बार्देशच्या गावांतून माणसे निघाली ती लंडनच्या साउथॉलमध्ये आणि विल्टशरमधल्या स्विंडन शहरात पोचली. गोदामांत, कारखान्यांत, वृद्धांच्या सेवेत लागली. दीव-दमणचे लोक लेस्टरला गेले. लिस्बन त्यांतल्या अनेकांनी नीट पाहिलेही नाही.

माझ्याकडे काम आले ते नावांच्या भानगडींचे. हिंदू नावे पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली, आणि दोन भावांच्या नोंदी दोन कारकुनांनी केल्या असतील तर बापाचे नाव दोन तऱ्हेने. मग मुंबईचे प्रकरण. वहीत 'सिनाय' किंवा 'नायक' असलेला माणूस गिरगावात खोली घेऊन राहिला की तो गावाच्या नावाचा 'कर' होई. त्याच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'कर', नातवाच्या पासपोर्टवर 'कर', आणि आजोबाच्या पानावर त्याचा मागमूस नाही. बेळगाव, सावंतवाडी, मालवणकडच्या कितीतरी घरांत गोव्यात जन्मलेला आजा किंवा आजी आहे. तिथली मुले कागद घेऊन येत तेव्हा हा सांधा जोडायला प्रतिज्ञापत्रे, नोंदणी कार्यालयातल्या दुरुस्त्या, कधी कोर्ट, सगळे करावे लागे.

एक पान मी फार वेळा वाचले आहे, म्हणजे त्या जातीचे. देवळाच्या सेवेत असलेल्या घरांतल्या मुलांच्या नोंदीत बापाच्या जागी 'अज्ञात' लिहिलेले असे. नातवंडे ते पान समोर धरायलाही संकोचत, आवाज खाली जाई. मी त्यांना सांगे, पान नीट आहे, पुढे करा. कारण बाळ गोव्यात जन्मले एवढे त्यावर लिहिलेले आहे आणि हक्क त्या जन्माचा आहे. पुढे तो आईकडून मुलांना जातो तसाच, जसा बापाकडून जातो. ज्या समाजाने त्या आईला नाव दिले नाही, त्याच्या नातवंडांच्या रांगेत तिची नातवंडे कागदोपत्री बरोबरीने उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या पासपोर्टचा राग करणारे लोकही माझ्या घरात, शेजारात होते, आणि त्यांचा राग मला कळतो. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून आले, लढ्यात उतरले, 1955 मध्ये पकडले गेले. गोवा मुक्त झाला तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले, तरी सुटायला 1969 उजाडले. ज्या लिस्बनमध्ये आमच्या माणसांना डांबले, त्याच लिस्बनकडे नागरिकत्व मागायचे? असे विचारणाऱ्या वृद्धांपुढे मी कधी वाद घातला नाही. पण माझ्या टेबलापुढच्या मुलांना सालाझार नको होता. त्यांना कर्ज फेडायचे होते, घराचे छप्पर करायचे होते. पोर्तुगीज राज्याने गोव्याकडून जे घेतले, त्याच्यापुढे नातवाला मिळणारी एक नोकरी फार मोठी नाही, असे मी मानते.

भारताची अट मात्र कठोर आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. लिस्बनला नुसता जन्म नोंदला म्हणजे भारतीय नागरिकत्व गेले का, यावर गोव्यात मतदारयादीपासून आमदारकीपर्यंत वाद झाले. गेलेल्यांना परत येताना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या, कार्डाचा आधार. हे कार्ड पूर्वजांवरूनही मिळते: जानेवारी 2017 मध्ये बेंगळुरूला पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनिओ कॉश्ता यांना पंतप्रधान मोदींनी तेच कार्ड दिले, कारण त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. त्या दिवशी आमच्या वह्यांची वाट उलट्या दिशेने चालली.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2020 अखेर, स्विंडनची सरळ वाट बंद झाली. आधी पोचलेल्यांना अर्ज करून राहता आले. नंतरच्यांना हा पासपोर्ट आता मुख्यतः युरोपीय संघातल्या देशांत कामाला येतो. अर्ज थांबलेले नाहीत.

थांबत चालले आहे ते वाचणे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुराभिलेखागारात बसून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उकलला, कारण त्यांना ही अक्षरे येत होती. आज ती वाचणारे आम्ही बहुतेक साठीच्या पुढचे. तालुक्यांच्या कार्यालयांतल्या वह्यांत शाईने कागद खाल्ला आहे, समासातल्या नोंदी कडेने तुटताहेत. सरकारने नुसती छायाचित्रे काढून भागणार नाही. प्रत्येक पानावरची नावे देवनागरीत उतरवून त्यांची सूची झाली पाहिजे आणि त्यासाठी दर तालुक्यात चार-पाच तरुण माणसे ही लिपी शिकून तयार झाली पाहिजेत. शिकवायला मी तयार आहे, आणि माझ्याबरोबरची आणखी काही माणसेही. सुरुवात सत्तरीच्या वह्यांपासून करावी, कारण तिथे पाने कमी आहेत आणि शोधणारे गरीब आहेत.