हिरव्या चहातल्या बाई

‘ग्रीन टी घ्या, त्यात अँटिऑक्सिडंट असतात,’ असं हल्ली कोणीही सांगतं. पण चहाच्या पानातलं ते द्रव्य, म्हणजे कॅटेचिन, १९२९ साली वेगळं काढणाऱ्या मिचियो त्सुजिमुरा आपल्याला ठाऊक नसतात.

या जपानी बाई आधी शाळेत शिकवत. जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेल्या मला त्यामुळे त्या आपल्यातल्याच वाटतात. १९२० साली त्या संशोधनासाठी होक्काइदोच्या विद्यापीठात गेल्या. तिथे तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून बिनपगारी मदतनीस म्हणून राबल्या. पुढे तोक्योत सेइतारो मिउरा यांच्यासोबत त्यांनी १९२४ साली हिरव्या चहात क जीवनसत्त्व दाखवून दिलं. १९३२ साली कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आपल्या काळ्या चहात पानं मळून हवेत ठेवतात, तेव्हा बरंचसं कॅटेचिन बदलून जातं. जपानी हिरव्या चहाची पानं लगेच वाफवतात, म्हणून ते टिकतं. तरी चहा म्हणजे औषध नव्हे. त्यातलं मुख्य कॅटेचिन गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली बजावलं आहे.

तेव्हा गोळ्यांच्या नादी न लागता कपभर चहा खुशाल घ्या. आणि घरातल्या लेकी-नातींना कॅटेचिनबरोबर या बाईंचंही नाव सांगा.