थंडीची सुट्टी कोण ठरवते? हिवाळी हवामान अंदाज आणि शाळा बंद ठेवण्याचे निर्णय

नवी दिल्ली : डिसेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला की उत्तर भारतातील लाखो कुटुंबांत रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जातो. उद्या शाळा आहे की नाही? हवामान विभागाने दाट धुक्याचा किंवा थंडीच्या लाटेचा इशारा दिला, की सुट्टीचा आदेशही पाठोपाठ येईल, अशी पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात हवामान अंदाज आणि शाळेची सुट्टी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अंदाज वर्तवणारी यंत्रणा वेगळी, आदेश काढणारी वेगळी, आणि या दोहोंना जोडणारा देशव्यापी नियम अस्तित्वात नाही. ठराविक तापमानाखाली शाळा बंद ठेवाव्यात, असा कोणताही राष्ट्रीय निकष नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना पावसाळ्यातील अनुभवावरून हे चटकन उमगेल. मुंबई वा कोकणात अतिवृष्टीचा रेड अलर्ट जारी होतो, तो हवामान विभागाकडून. सुट्टी जाहीर करतात, ते महापालिका किंवा जिल्हाधिकारी. उत्तरेत पावसाची जागा धुके आणि थंडी घेते, तर हिमालयात हिमवृष्टी.

थंडीची लाट म्हणजे काय?

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. थंडीच्या लाटेसाठी विभागाने निश्चित निकष ठरवले आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी घसरले असेल, तर ती थंडीची लाट मानली जाते. घसरण ६.४ अंशांहून अधिक असेल तर ती तीव्र लाट ठरते. सरासरी काहीही असो, मैदानी भागात पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला की लाट आणि २ अंशांवर किंवा त्याखाली गेला की तीव्र लाट, असाही निकष आहे. डोंगराळ भागात किमान तापमान शून्य अंश किंवा त्याखाली असणे ही पहिली अट असते.

याखेरीज ‘थंड दिवस’ ही एक स्वतंत्र संज्ञा आहे. किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असताना दिवसाचे कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक घसरले, तर तो थंड दिवस म्हणून नोंदवला जातो. शाळांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. थंडीच्या लाटेत पहाट बोचरी असली, तरी आकाश निरभ्र असल्यास दुपारी ऊन पडते. शाळा दोन तास उशिरा भरवली तरी मुलांचा त्रास बराच कमी होतो. थंड दिवशी मात्र धुक्याचा किंवा ढगांचा थर सूर्यकिरण अडवून धरतो. दिवसभर गारठा हटत नाही आणि ज्या वर्गांना धड तावदाने नाहीत, तेथे जमिनीवर बसणाऱ्या मुलांना दुपारीही ऊब मिळत नाही. अशा दिवशी वेळ बदलून फारसा उपयोग होत नाही.

धुक्याचे मोजमाप दृश्यमानतेवर होते. ५० ते २०० मीटरपर्यंतचे दिसत असेल तर धुके दाट आणि ५० मीटरपलीकडचे दिसत नसेल तर अतिदाट समजले जाते. या स्थितीत मुख्य धोका असतो तो शाळेच्या बस, रिक्षा आणि महामार्गाच्या कडेने पायी जाणाऱ्या मुलांना.

रंगांचा अर्थ

हवामान विभागाचे जिल्हानिहाय इशारे चार रंगांत दिले जातात. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही, पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. हे रंग ठरवताना घटनेची तीव्रता, ती घडण्याची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम यांचा एकत्रित विचार होतो. त्यामुळे नारिंगी इशारा म्हणजे सुट्टीची पूर्वसूचना नव्हे. प्रशासनाने तयारीत राहावे, एवढाच त्याचा अर्थ. लाल इशाऱ्यानंतरही शाळा बंद ठेवायची की नाही, हे स्थानिक प्रशासनच ठरवते.

अंदाज चुकतो कुठे?

उत्तर भारतातील हिवाळी हवामानावर पश्चिमी चक्रावातांचा मोठा प्रभाव असतो. भूमध्य समुद्राच्या परिसरातून येणाऱ्या या प्रणाली पश्चिमी वाऱ्यांसोबत इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे हिमालयापर्यंत पोहोचतात. त्यांचे आगमन काही दिवस आधी बऱ्याच विश्वासाने सांगता येते. मात्र त्यांच्यामुळे एखाद्या गावात पाऊस पडेल की बर्फ, हे सांगणे अवघड असते.

याचे कारण उंचीत आहे. हवेचे तापमान दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे तापमानाच्या अंदाजात केवळ एका अंशाची चूक झाली, तरी बर्फ आणि पाऊस यांना विभागणारी रेषा सुमारे दीडशे मीटर वर किंवा खाली सरकते. हिमाचल प्रदेशातील एकट्या शिमला जिल्ह्यात सतलजकाठचे रामपूर सुमारे १,००० मीटरवर, शिमला शहर सुमारे २,२०० मीटरवर आणि नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर आहे. एकाच दिवशी रामपूरला पाऊस, शिमल्यात गारांसारखा ओला बर्फ आणि नारकंड्यात रस्ता बंद पाडणारी हिमवृष्टी होऊ शकते. इशारा मात्र संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच असतो.

धुक्याचे गणित याहून नाजूक आहे. शांत वारा, जमिनीलगतची आर्द्रता आणि निरभ्र रात्र यांचा मेळ जमला की धुके दाटते. वाऱ्याचा वेग किंचित वाढला की ते विरते. सिंचन केलेल्या शेतांवर ते गडद असते आणि काही किलोमीटरवरील शहरात विरळ. दिल्लीच्या विमानतळावर २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून राबवण्यात आलेला धुक्याचा अभ्यास प्रकल्प याच गुंतागुंतीचा शोध घेण्यासाठी होता. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने त्याचे नेतृत्व केले. याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यामुळे पूर्वीच्या १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणे शक्य झाले आहे. तरीही हिमालयातील एकेक दरी या चौकटीपेक्षा अरुंद असू शकते.

काश्मीर : पंचांगात बसवलेली सुट्टी

जेथे बर्फ दरवर्षी पडतो, तेथे सुट्टीचा निर्णय रोजच्या अंदाजावर सोडलेला नाही. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’ हा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. शाळांची हिवाळी सुट्टी याच काळाभोवती आखलेली असते. लहान वर्गांना आधी आणि मोठ्या वर्गांना नंतर, अशी ती टप्प्याटप्प्याने सुरू होऊन साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते. जम्मू विभागातही उंचावरील भाग ‘हिवाळी विभाग’ म्हणून वेगळे काढलेले आहेत. हिमाचल प्रदेशात हिवाळ्यात दीर्घकाळ बंद राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात बंद राहणाऱ्या, असे शाळांचे दोन स्वतंत्र गट आहेत.

काश्मीरमध्ये शैक्षणिक वर्ष कधी सुरू व्हावे, हा वादही या सुट्टीशी निगडित आहे. वार्षिक परीक्षा नोव्हेंबरच्या सुमारास घेण्याची तेथील जुनी पद्धत २०२२ मध्ये बदलून मार्चचे सत्र लागू करण्यात आले. देशभरातील वेळापत्रकाशी मेळ बसावा, हा त्यामागचा उद्देश होता. मात्र त्यामुळे मुलांना संपूर्ण सुट्टी परीक्षेच्या तयारीत, थंड घरांत आणि वारंवार खंडित होणाऱ्या विजेत काढावी लागते, अशी तक्रार होती. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारने नववीपर्यंतच्या वर्गांसाठी नोव्हेंबरचे सत्र पुन्हा आणले.

निसर्ग मात्र आखलेल्या तारखा नेहमीच पाळत नाही. ७ नोव्हेंबर २०१९ रोजी खोऱ्यात अवेळी मोठी हिमवृष्टी झाली आणि फळांनी व पानांनी लगडलेल्या सफरचंदाच्या बागा मोडून पडल्या. हिवाळी सुट्टीचा नेहमीचा काळ तेव्हा कित्येक आठवडे दूर होता. याउलट जानेवारी २०२४ मध्ये ऐन सुट्टीत गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे होते.

मैदानी प्रदेश : आदेशाची प्रतीक्षा

मैदानी राज्यांत स्थिती वेगळी आहे. येथे हिवाळी सुट्टी सहसा डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत आणि तीही मर्यादित दिवसांची असते. उत्तर प्रदेशातील परिषदीय शाळांना ती ३१ डिसेंबर ते १४ जानेवारी अशी मिळते. त्यापलीकडे थंडी लांबली, तर जिल्हा दंडाधिकारी आठवीपर्यंतच्या शाळा दोन-तीन दिवस बंद ठेवण्याचे आदेश काढतात आणि परिस्थिती पाहून ते वाढवतात. अनेकदा हे आदेश रात्री उशिरा येतात. समाजमाध्यमांवरून ते सर्व पालकांपर्यंत पोहोचतातच असे नाही. सकाळी धुक्यातून शाळेच्या फाटकापर्यंत आलेली मुले तशीच परत फिरतात, ती यामुळेच.

दिल्लीचा २०२३-२४ चा हिवाळा या व्यवस्थेच्या मर्यादा दाखवणारा ठरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हवेचे प्रदूषण गंभीर पातळीवर गेल्याने हिवाळी सुट्टीचे काही दिवस पुढे ओढून ९ ते १८ नोव्हेंबर या काळात देण्यात आले. परिणामी जानेवारीसाठी १ ते ६ एवढेच दिवस उरले. ६ जानेवारीला सुट्टी वाढवल्याचा आदेश निघाला आणि तो चुकून काढला गेल्याचे सांगत त्याच दिवशी मागे घेण्यात आला. दुसऱ्या दिवशी, ७ जानेवारीला, पाचवीपर्यंतचे वर्ग १२ जानेवारीपर्यंत बंद राहतील असे जाहीर झाले. १५ जानेवारीला सर्व वर्ग पुन्हा भरले. सकाळी ९ पूर्वी शाळा सुरू करू नये, असे बंधन घालण्यात आले. त्याच सकाळी सफदरजंग वेधशाळेत ३.३ अंश सेल्सिअस, म्हणजे त्या हंगामातील तोवरचे नीचांकी तापमान नोंदवले गेले.

निर्णयाचा अधिकार कोणाचा, यावरही मतभेद झाले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये बिहारची राजधानी पाटणा येथे जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आठवीपर्यंतच्या शाळा बंद ठेवल्या. राज्याच्या शिक्षण विभागाने त्यास हरकत घेतली. थंडी केवळ शाळांनाच कशी बाधते आणि खासगी शिकवणी वर्गांना का नाही, असा विभागाचा सवाल होता. असे आदेश मागे घेण्याची सूचना झाल्यानंतरही जिल्हा प्रशासनाने बंदीची मुदत वाढवली. जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे.

बुडालेल्या दिवसांचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामकाजाचे दिवस आवश्यक आहेत; अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १,००० आहेत. प्रदूषण, थंडी, उष्णतेची लाट आणि निवडणुका यांमुळे पडणाऱ्या सुट्ट्या याच हिशेबातून वजा होतात. खासगी शाळा अशा दिवसांत ऑनलाइन वर्ग भरवू शकतात. घरात एकच मोबाइल फोन असलेल्या आणि तोही वडिलांसोबत कामावर जाणाऱ्या मुलांसाठी मात्र तो दिवस पूर्ण बुडतो.

शिवाय सरकारी आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना पीएम पोषण योजनेतून दुपारचे गरम जेवण मिळते. शाळा बंद म्हणजे ते जेवणही बंद. दुसरीकडे, अंगावर पुरेसे लोकरी कपडे नसलेल्या मुलाला पहाटेच्या ४ अंशांत दोन किलोमीटर चालायला लावणे हेही योग्य नव्हे. सुट्टीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला या दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. शाळेची वेळ पुढे ढकलणे, केवळ लहान वर्गांना सुट्टी देणे किंवा धुक्याच्या पट्ट्यातील तालुक्यांपुरता आदेश काढणे, हे मधले मार्ग त्यासाठीच वापरले जातात.

अमेरिकेत हिमवृष्टीमुळे मिळणाऱ्या सुट्टीला ‘स्नो डे’ म्हणतात आणि तेथे हा निर्णय बहुधा स्थानिक शिक्षण मंडळाचा प्रमुख पहाटे घेतो. अनेक मंडळे वेळापत्रकात अशा दिवसांसाठी आधीच राखीव जागा ठेवतात. भारतातील मैदानी राज्यांच्या वेळापत्रकांत थंडीसाठी असे राखीव दिवस सहसा नसतात.

पालकांनी काय पाहावे?

हवामान विभागाच्या ‘मौसम’ अॅपवर आणि संकेतस्थळावर जिल्हानिहाय इशारे उपलब्ध असतात. तापमानाच्या एकाच आकड्यापेक्षा किमान व कमाल तापमानातील तफावत, धुक्याचा इशारा आणि वाऱ्याचा वेग एकत्र पाहिल्यास सकाळचे चित्र अधिक स्पष्ट होते. पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक अंदाज मुलांना घराबाहेर पाठवण्यापूर्वी पाहणे उपयुक्त ठरते. हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागांत चंदीगडस्थित संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन आस्थापनेच्या इशाऱ्यांकडे लक्ष देणे आवश्यक असते. सुट्टीबाबत मात्र जिल्हा प्रशासन, शिक्षण विभाग किंवा शाळेने दिलेली सूचनाच ग्राह्य धरावी. इशाऱ्याच्या रंगावरून सुट्टीचा निष्कर्ष काढू नये.